फक्की न मारलेलं मैदान

बस खाली. उभा राहिलास की तुझा एक पाय दाराकडं असतो, पाचवीपासून बघतोय. मोबाईल उपडा ठेव. वाजला तर वाजू दे.

काल ईटच्या स्टँडवर तुझा चाकणवाला दोस्त भेटला. बोलत उभे होतो. समोरून तू येताना दिसलास आणि तो रस्ता ओलांडून पलीकडं गेला. पाच वर्षं एका बाकावर बसलात, एका डब्यात जेवलात. मी विचारलं, काय झालं बाबा? बांध कोरला का कुणी? सोयरीक फिसकटली? तर म्हणतो, "सर, फॅन्टसी लीग." इंग्लंडात कुणीतरी बॉल लाथाडायचा आणि भूम तालुक्यात दोन पोरांचं बोलणं बंद व्हायचं! हसू का रडू?

खेळावर माझा राग नाही. उगाच तो मुद्दा पुढं करू नकोस. दोन संध्याकाळी नातवाला शेजारी बसवून मी ते ॲप समजून घेतलं. दहा कोटी पौंडांत पंधरा खेळाडू घ्यायचे. दोन गोलकीपर, पाच बचावाचे, पाच मधल्या फळीचे, तीन आघाडीचे. एका क्लबचे तिनाहून जास्त नाहीत. कॅप्टनचे गुण दुप्पट. फुकटच्या बदलांपेक्षा जास्त बदल केले की प्रत्येक बदलाला चार गुण कापले. फेऱ्या 38. फेरीतला पहिला सामना सुरू व्हायच्या दीड तास आधी दार बंद. छान आहे. हिशेब आहे, अंदाज आहे, संयम लागतो. एक कोटीहून जास्त लोक खेळतात, एकमेकांचं तोंड न बघता. त्यांचं भागतं. तुमचं बारा जणांचं भागत नाही.

का भागत नाही? खेळाचे नियम त्या कंपनीनं लिहिले. तुमच्या लीगचे नियम कुणी लिहायचे होते? पैसे कधी भरायचे, ठेवायचे कुणाकडं, मधेच सोडून गेला तर काय, तंटा झाला तर निवाडा कुणी करायचा? हे ॲपमध्ये नसतं. हे ॲडमिननं लिहायचं असतं. ॲडमिन कोण? तू. ग्रुपचा फोटो बदलायला तुला वेळ होता. चार ओळी लिहायला नव्हता?

"सर, आपलीच पोरं. लिहायचं कशाला?"

हे वाक्य येणार मला माहीत होतं. अरे, आपलीच आहेत म्हणूनच लिहायचं. परक्यानं फसवलं तर माणूस चार शिव्या देतो आणि विसरतो. आपल्यानं फसवलं तर रस्ता ओलांडून पलीकडं जातो. काल बघितलं ना? तुझी आई चौथी शिकलेली. तिच्या भिशीची वही एकदा उघडून बघ. नाव, तारीख, रक्कम, चिठ्ठी कुणाची निघाली, कुणाचा हप्ता राहिला. त्या बायका काय एकमेकींच्या वैरी आहेत? तुमच्यातला तो खव्याच्या भट्टीवाला बघ. सख्ख्या चुलत्याचं दूध असलं तरी मोजून घेतो, लिहून ठेवतो, फॅट कमी लागली तर भाव तोडतो. दुपारी चुलता त्याच्याच ताटात जेवतो. कुठं बिघडलं नातं?

आणि तू तर माझ्या खो-खोच्या संघात होतास. खो मिळायच्या आधी बूड उचललंस की शिट्टी वाजायची. वाद घातलास कधी? गपचूप परत बसायचास. तेव्हा तुला तेरा वर्षांचं डोकं होतं आणि कळत होतं. आता तिशीला आलास आणि म्हणतोस, "सर, गंमत आहे हो."

गंमत? मग तुझ्या गमतीचा हिशेब मांडू.

बारा जण, प्रत्येकी हजार रुपये. बारा हजार जमायला हवे होते. आले सात हजार. बाकीचे पाच म्हणाले, नंतर देतो. दिवाळीनंतर त्यांनी ॲप उघडणं सोडलं आणि पैसे मागितले की म्हणाले, "आम्ही खेळलोच कुठं?" बरोबर आहे त्यांचं! पैसे आल्याशिवाय लीगचा कोड द्यायचा नाही, एवढी साधी गोष्ट तुला सुचली नाही. की सुचली आणि मागायला लाजलास? तू लाजलास, हे मी लिहून देतो. वाईटपणा घ्यायला नको म्हणून ऑगस्टमध्ये गप्प बसलास आणि मेमध्ये बाराही जणांचा वाईटपणा घेतलास.

जे सात हजार आले, ते तुझ्या खात्यावर. त्यातले अडीच हजार विहिरीवरची मोटार जळाली तेव्हा रिवाइंडिंगला गेले. "देणारच होतो सर." देणार होतास, मला शंका नाही. तू चोर नाहीस. चोर असतास तर मी तुला घरात घेऊन चहा पाजला नसता. पण उसने घेतलेस म्हणतोस, ते कुणाकडून? विचारलंस कुणाला? स्वतःलाच विचारलंस आणि स्वतःच मान डोलावलीस.

आता ते कॅप्टनचं प्रकरण. भट्टीवाल्याची लाइट गेली, रेंज गेली, कॅप्टन बदलायचा राहिला. ज्याला करणार होता त्यानं 13 गुण काढले. तुझ्याकडं आला, "धर की गड्या." आणि तू धरलेस! ॲपमध्ये बदलता येत नाही म्हणून स्वतःचा वेगळा तक्ता काढलास आणि त्यात 13 गुण वाढवलेस. अरे, दहावीला गणितात 91 मार्क होते तुझे. नवा कॅप्टन धरायचा तर जुन्या कॅप्टनचे दुप्पट झालेले दोन गुण कोण वजा करणार? खोटं करायलाही 11च बसत होते. मेहेरबानी केलीस तीही चुकीच्या हिशेबानं.

पुढं मार्च आला. मार्चच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडातली घड्याळं एक तास पुढं जातात. थंडीभर शनिवारची डेडलाइन आपल्याकडं दुपारी साडेचारला पडायची, ती त्यानंतर साडेतीनला पडते. चाकणवाला पहिल्या पाळीवरून सुटला, चारला ॲप उघडलं, दार बंद. तोही तुझ्याकडंच आला. त्याला काय म्हणालास? "नियम म्हणजे नियम." कुठला नियम रे? डिसेंबरात भट्टीवर खवा चाखताना तो नियम कुठं गेला होता? एकाला माया लावायची आणि दुसऱ्याला शिस्त. याला आपल्याकडं काय म्हणतात ते तुला माहीत आहे, मी उच्चारत नाही.

खरं तर आदल्या दिवशी ग्रुपवर एक ओळ टाकायची होती: उद्या साडेतीनला बंद, भारतीय वेळ. शुक्रवारी रात्रीचा सामना असला की ती वेळ आणखीच वेगळी, आपल्याकडं रात्री अकरा नाहीतर बारा. बारा जणांत एकानं तरी हे बघायचं असतं. त्या गोऱ्या खेळाडूंच्या मांडीची कुठली शीर आखडली, हे तुम्हाला मध्यरात्री ठाऊक असतं. आपल्याच जिल्ह्यातल्या सारिका काळेला 2020 साली कुठल्या खेळासाठी अर्जुन पुरस्कार मिळाला, सांग. आठव. आठवलं? निदान लाज वाटली, तेवढं पुरे.

आणि शेवट? ॲपमध्ये चाकणवाला 13 गुणांनी पुढं. तुझ्या तक्त्यात दोघं बरोबरीत. म्हणजे जी बरोबरी झालीच नव्हती ती तू तयार केलीस आणि मग ती सोडवायला बसलास. कशी सोडवलीस? भट्टीच्या ओट्यावर दहाचं नाणं उडवून! 38 फेऱ्या, नऊ महिने, आणि निकाल नाण्यावर. खरोखर बरोबरी असती तरी त्याचा नियम त्या ॲपच्या मदतीच्या पानावर आहे: ज्यानं हंगामात बदल कमी केले तो वर. वाचलंस ते पान? नाही. वाचायचा तुला आळस, आणि निवाडा करायची मात्र हौस.

बरं, हा खेळ ज्यानं काढला त्याची गोष्ट ऐक. 1962 साली न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात ओकलंडचा बिल विंकेनबाख म्हणून एक माणूस दोस्तांबरोबर बसला होता. त्यांचा फुटबॉल वेगळा, हातात घेऊन पळायचा. त्या मंडळींनी आधी नियम लिहून काढले. खेळाडूंची निवड केली ती पुढच्या वर्षी, ऑगस्टमध्ये. तीही दोस्तच मंडळी होती, गंमत म्हणूनच बसली होती. तुम्ही उलटं केलंत. आधी खेळाडू निवडले, मग पैसे गोळा केले, मग भांडलात, आणि आता नियम काय होता ते शोधत फिरताय.

पैशाचं आणखी बोलायचंय. मान वर कर. तुमचा हंगाम 15 ऑगस्ट 2025ला सुरू झाला. सकाळी शाळेत झेंड्याला आलास, रात्री अकराच्या आत टीम लावलीस. बरोबर आठवड्यानं, 22 ऑगस्टला, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. मुंबईची ड्रीम इलेव्हन, भारतीय संघाच्या छातीवर जिचं नाव होतं, तिनं पैशाच्या स्पर्धा बंद केल्या. आधी कोर्टात वाद चालायचा, हे कौशल्य की नशीब. या कायद्यानं तो वादच मोडीत काढला. कौशल्य असो नाहीतर नशीब, पैसा लावला की बंदी. शिक्षा खेळणाऱ्याला नाही. चालवणाऱ्याला आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमच्यात चालवणारा कोण, हे आता मी पुन्हा सांगू?

"सर, आमचं काय एवढं मोठं आहे? बारा जणांचा ग्रुप." पळवाट शोधू नकोस. जुगाराचा 1887चा जुना कायदाही आहेच. तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो, आता महाराष्ट्रात आहोत. पण मी तुला फौजदाराची भीती घालत नाही. फौजदार ईटच्या पोरांच्या हजार रुपयांमागं लागेल न लागेल. मी विचारतोय, त्या हजारानं तुमच्या खेळात काय वाढलं? भांडणाशिवाय एक गोष्ट सांग. सांग की.

हं. गप्प बसलास. हे बरं झालं.

तो कोपऱ्यातला कागद घे. पेन खिशात असतं का अजून? लिही. पैसा नाही, एक रुपयाही नाही. ॲपमधला तक्ता हाच शेवटचा, हाताचा तक्ता नाही, लाइट गेली, गाडी चुकली, म्हैस व्याली, काहीही झालं तरी नाही. डेडलाइनची भारतीय वेळ आदल्या दिवशी ग्रुपवर, पाळीपाळीनं, एकट्या ॲडमिननं नाही. नियम बदलायचे तर ऑगस्टच्या आधी, बाराही जणांच्या होकारानं. हंगाम सुरू झाला की स्वल्पविरामही हलवायचा नाही. जो मधेच टीम वाऱ्यावर सोडेल त्याला पुढच्या वर्षी कोड नाही, मग तो तुझा मेहुणा का असेना. तंटा झाला तर तू बोलायचं नाहीस. तूही खेळतोस, तूच पंच कसा? ज्यांचा त्यात जीव गुंतलेला नाही असे दोघं ठरवतील. खाली बारा सह्या. अंगठा चालणार नाही, सगळ्यांना मी लिहायला शिकवलंय.

अक्षर नीट काढ. कोंबडीचे पाय काढू नकोस.

आणि पैज पाहिजेच असेल, तर शेवटचा येईल त्यानं शाळेचं खो-खोचं मैदान आखून द्यायचं. दोरी लावून, फक्की मारून, सरळ रेघेत. गेल्या पावसापासून एकही रेघ नीट दिसत नाही. पोरं अंदाजानं खेळतात आणि तुमच्यासारखीच भांडतात. या खेपेला शेवटचा नंबर तुझा. ॲपमध्ये तू चौथा आहेस ते मला सांगू नकोस. फक्कीचं पोतं खेळाच्या खोलीत आहे, किल्ली शिपायाकडं. शनिवारी सकाळची शाळा असते. पोरं यायच्या आत आटप.

सातही जणांचे पैसे आजच्या आज परत जातील. मोटारीचे अडीच हजार पुरत नसतील तर माझ्याकडून घे. पण वहीत लिहून, तारखेसकट.

आता मोबाईल सुलटा कर. त्याला फोन लाव, इथंच, माझ्यासमोर. दुपारच्या गाडीनं तो निघतोय.