गोदामाईचे वरचे आणि खालचे

वारकरी बंधूंनो, निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरी, गोदामाईच्या उगमाशी. आणि नाथमहाराजांचे पैठण खाली, तिच्याच तीरावर. आषाढीला दोन्ही पालख्या एकाच पंढरीत येतात. मग पाऊस उणा पडला की याच दोन मुलुखांतले शेतकरी एकमेकांवर का उठतात, याचा विचार करू.

पैठणचा नाथसागर 1976 साली पुरा झाला. वर नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत दारणा, गंगापूर, मुळा, भंडारदरा ही धरणे. टंचाईही वाटून घ्यावी, असे 2005 च्या कायद्याने ठरले. 2014 साली नियम झाला की, 15 ऑक्टोबरला नाथसागर 65 टक्के नसेल तर वरून पाणी सोडावे. 2023 च्या नोव्हेंबरात तसे सोडावे लागले. तेव्हा दोन्हीकडे आंदोलने झाली.

कीर्तनाच्या निमित्ताने आम्ही दोन्हीकडे जातो. वरचा म्हणतो, "महाराज, धरणात जमिनी आमच्या गेल्या. बाग कर्जावर उभी आहे. सोडलेलं पाणी कोरड्या पात्रातच जिरतं!" खालचा म्हणतो, "नाथसागरात आमचीही गावं बुडाली. विहिरीला पाणी नाही, गुरं जगवायची कशी?" दोघेही खरेच बोलतात. नीट ऐकावे तर बोलण्यात द्वेष थोडा, धास्ती फार. आणि धास्तावलेल्याला शेजारी चोर दिसतो. आपल्या बांधातल्या उसाचा हिशेब मात्र आधी कोणीच मांडत नाही. ऊस वरही आहे, खालीही आहे.

नाथांनी रामेश्वराची कावड तहानलेल्या गाढवाला पाजली, ही कथा आपण नेहमी ऐकतो. पाणी नाथांच्या कष्टाचे होते, संकल्पाचे होते. हक्क त्यांचाच होता. पण त्यांनी हक्काआधी तहान पाहिली. ही कथा वरच्यालाच ऐकवू नये. खालच्यानेही आलेले पाणी आधी घागरीला, मग गुरांना आणि उरले तरच उसाला द्यावे. तरच त्याच्या मागण्याला बळ येईल.

कायदा दरवाजे उघडवील, मन उघडवणार नाही. म्हणून वारीत भेटाल तेव्हा वरच्याने खालच्याच्या विहिरीची चौकशी करावी, खालच्याने वरच्याच्या कर्जाची. वाळवंटात ज्याच्या पायांवर डोके ठेवले, त्यालाच दिवाळीत पाणीचोर म्हणायचे, तर ती वारी पांडुरंगाला पोचली कशी म्हणावी?

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!