परदेशी जाणाऱ्याचे कागद आणि अमानत



एकदा भुकेने व्याकूळ झालेले प्रेषित मुहम्मद (स.) हजरत अबू बकर (रजि.) आणि हजरत उमर (रजि.) यांच्यासमवेत हजरत अबुल हैसम (रजि.) या अन्सारी सहाबींच्या घरी गेले. यजमानांनी खजुरीचा घोस समोर ठेवला, थंड पाणी दिले, बकरी कापून जेवू घातले. घरात मदतीला कोणी नाही हे पाहून प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितले की, आमच्याकडे युद्धकैदी आले म्हणजे येऊन भेटा. पुढे दोन कैदी आले. दोघांपैकी एकाची निवड करा, असे प्रेषितांनी (स.) सुचविले, तेव्हा अबुल हैसम (रजि.) यांनी निवड त्यांच्यावरच सोपविली. त्यावर प्रेषितांनी (स.) फरमाविले की, ज्याच्याकडे सल्ला मागितला जातो तो अमीन असतो. मग ज्याला नमाज अदा करताना पाहिले होते तो कैदी त्यांनी निवडून दिला आणि त्याच्याशी भलेपणाने वागण्याची ताकीद केली. अबुल हैसम (रजि.) यांनी पत्नीच्या सांगण्यावरून पुढे त्याला मुक्तच केले. इमाम तिर्मिजी यांनी हा प्रसंग नोंदविला आहे.

या प्रसंगात सल्ला देणाऱ्याला ‘हुशार’ किंवा ‘जाणकार’ म्हटलेले नाही. अमीन म्हटले आहे. सल्ला मागणारा माणूस आपली गरज, आपले अज्ञान, क्वचित आपली लाजही दुसऱ्यासमोर उघडी करतो. त्यासाठी त्याला विश्वासाखेरीज दुसरा आधार नसतो.

आता आपल्या घरांकडे पाहू. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील मुस्लिम वस्त्यांत असे घर विरळाच, ज्यातील कोणी ना कोणी कुवेत, दुबई, मस्कत किंवा जेद्दाहला गेलेला नाही. मराठवाडा आणि खानदेशातील तरुणही त्याच वाटेने जाऊ लागले आहेत. ही वाट बहुधा मुंबईतील एखाद्या रिक्रूटिंग एजंटच्या किंवा व्हिसा सल्लागाराच्या कार्यालयातून जाते. तेथे तरुण काय ठेवून येतो? पासपोर्ट, आधार कार्डाची प्रत, दहावीचे प्रमाणपत्र, पोलिसांचा दाखला, अनुभवपत्र, वैद्यकीय तपासणीचा अहवाल. कुटुंबाला सोबत न्यायचे असेल तर निकाहनामा, मुलांचे जन्मदाखले, पत्नीची छायाचित्रे, बँकेचे उतारे. सख्ख्या भावालाही न दाखविलेली माहिती तो टेबलामागे बसलेल्या अनोळखी कारकुनाच्या हाती देतो, आणि बऱ्याचदा साधी पावतीही न घेता उठतो.

हे कागद म्हणजे अमानत होय. शब्दाला वजन यावे म्हणून हे म्हणत नाही. शरिअतमध्ये अमानतीचे जे नियम आहेत ते येथे जसेच्या तसे लागू होतात, असे म्हणायचे आहे.

सूरह निसाच्या ५८ व्या आयतीत अमानती त्यांच्या हक्कदारांना पोचत्या करण्याची आज्ञा आहे. अनेक भाष्यकारांनी या आयतीचा संबंध मक्का-विजयाच्या वेळी काबागृहाची किल्ली हजरत उस्मान बिन तलहा (रजि.) यांना परत देण्याच्या प्रसंगाशी जोडला आहे. येथे क्षणभर थांबावेसे वाटते. किल्ली म्हणजे धन नव्हे. बाजारात तिची किंमत धातूच्या तुकड्याइतकीच. पण तिने दार उघडते, म्हणून ती ज्याची त्याच्याच हाती गेली पाहिजे. आधार क्रमांक, पासपोर्टची प्रत, जन्मतारीख आणि स्वाक्षरी ही आजच्या माणसाच्या घराची किल्ली आहे. तिने त्याच्या नावावर सिमकार्ड निघते, कर्ज निघते, त्याने कधी न पाहिलेले खाते उघडते. त्याचा पत्ता त्याला वसुलीवाला दारात आल्यावर लागतो, आणि तो स्वतः तेव्हा रियाधमध्ये असतो. दारात म्हातारी आई असते.

वैद्यकीय अहवालाचा विचार तर याहून गंभीर आहे. आखाती देशांत नोकरीसाठी जाणाऱ्याची रक्ताची तपासणी होते, छातीचा एक्स-रे काढला जातो. क्षयरोग, कावीळ, एचआयव्ही यांची चाचणी होते. समजा, एखाद्या तरुणाला लहानपणी क्षय झाला होता, तो पूर्ण बरा झाला, पण फुप्फुसावरचा व्रण एक्स-रेत दिसला आणि तो ‘अनफिट’ ठरला. ही गोष्ट त्याच्या व अल्लाहच्या दरम्यानची, फार तर त्याच्या डॉक्टरांची. कार्यालयातील मुलाने चहा पिता पिता ती त्याच्या गावच्या दुसऱ्या उमेदवाराला सांगितली. आठवड्याच्या आत ती गावच्या मशिदीच्या ओट्यावर पोचते आणि ‘व्रण’ हा शब्द वाटेत गळून पडतो. मुलाच्या बहिणीचे ठरत आलेले स्थळ मोडते. सांगणाऱ्याने एका पैशाची चोरी केलेली नाही, आणि तरी एका घराचे जे नुकसान झाले ते कोणत्या तराजूत मोजायचे?

अशा वेळी हजरत अनस (रजि.) यांची आठवण येते. ते लहान असताना प्रेषितांनी (स.) त्यांना काही कामासाठी पाठविले. घरी परतायला उशीर झाला, तेव्हा आईने कारण विचारले. ते गुपित आहे, एवढेच मुलाने सांगितले. आईने खोदून विचारले नाही, उलट प्रेषितांचे (स.) गुपित कोणालाही सांगू नकोस, अशी ताकीद दिली. सहीह मुस्लिममधील हा प्रसंग आपण मुलांना आज्ञाधारकपणाचे उदाहरण म्हणून सांगतो. मला त्यात ती आई अधिक मोठी वाटते. जिज्ञासा आवरणे हा त्या घराचा संस्कार होता. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या एका हदीसचा आशय असा की, एखादा माणूस बोलता बोलता कोणी ऐकत नाही ना म्हणून इकडे-तिकडे पाहतो, तेव्हा त्याचे ते बोलणे अमानत ठरते. त्याने ‘कोणाला सांगू नका’ असे म्हणावेच लागत नाही. मग ज्याने कागद पाकिटात घालून, दार लोटून हाती दिले, त्याच्या कागदाविषयी काय म्हणावे?

दुसऱ्याचे पत्र परवानगीशिवाय वाचणे म्हणजे आगीत डोकावणे, अशा अर्थाची एक रिवायतही पुष्कळदा सांगितली जाते. तिची साखळी दुर्बल असल्याचे इमाम अबू दाऊद यांनी स्वतःच नमूद केले आहे, म्हणून मी तिच्यावर भर देत नाही. भर देण्याची गरजही नाही. सूरह हुजुरातच्या १२ व्या आयतीत दुसऱ्याचे दोष हुडकण्याची मनाई आहे, सूरह नूरच्या २७ व्या आयतीत परवानगीवाचून घरात शिरण्याची मनाई आहे, आणि परवानगी मागण्याचा नियम मुळात नजरेसाठीच ठेवला गेला, असे प्रेषितांनी (स.) दाराच्या फटीतून डोकावणाऱ्याच्या संदर्भात स्पष्ट केले आहे. आज ती फट मोबाइलच्या पडद्याएवढी झाली आहे.

फिक्हच्या ग्रंथांत ठेव सांभाळण्याबाबत एक बारकावा आहे. शाफई फुकहांनी म्हटले आहे की, ठेव ‘हिर्ज’मध्ये, म्हणजे तशा वस्तूसाठी लोकरीतीनुसार जी जागा सुरक्षित मानली जाते तेथे ठेवली पाहिजे. सोने गोठ्यात ठेवले आणि चोरीस गेले, तर ठेवणारा ‘माझा काय दोष’ म्हणू शकत नाही. काळजी घेऊनही वस्तू गेली तर अमीनवर भरपाई नाही. हयगय झाली तर आहे. आता सांगा, पन्नास जणांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलेले पासपोर्टचे छायाचित्र कोणत्या हिर्जमध्ये आहे? नोकरी सोडून गेलेल्या कारकुनाच्या खासगी फोनमध्ये राहिलेली आपल्या भगिनींची छायाचित्रे कोणत्या हिर्जमध्ये आहेत? झेरॉक्सच्या दुकानात बिघडलेल्या प्रती वडापाव बांधायला जातात, त्यांचे काय?

एका प्रश्नावर मात्र स्पष्ट बोलले पाहिजे, कारण तो आपल्याच लोकांत, आपल्याच लोकांकडून घडतो. ठरलेले पैसे पूर्ण मिळेपर्यंत पासपोर्ट अडकवून ठेवणे. ‘हे तारण आहे’ असे समर्थन केले जाते. शरिअतचा नियम असा की, जी वस्तू विकता येते तीच तारण ठेवता येते. पासपोर्ट विकता येत नाही; १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम १७ नुसार तो धारकाचाही नसून केंद्र सरकारची मालमत्ता असतो. जो त्याचा मालकच नाही तो तारण काय ठेवणार? कोणी म्हणेल, रंगाऱ्याला मजुरी मिळेपर्यंत कापड रोखण्याची मुभा हनफी ग्रंथांत आहे. आहे, कारण रंग त्याच्या हातचा असतो आणि तो कापडात उतरलेला असतो. व्हिसा वकिलातीने दिलेला असतो. एजंटने कागद नेले आणि आणले. त्याचे काम हमालाच्या जवळचे आहे, आणि हमालाला तेच ग्रंथ ही मुभा देत नाहीत. वादाचा प्रसंग असेल तर जाणत्या मुफ्तींकडे जावे, पण पासपोर्ट आधी परत करून जावे. ज्याने विश्वास ठेवला त्याची अमानत परत करा आणि ज्याने दगा दिला त्याला उलटून दगा देऊ नका, हा अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या हदीसचा आशय नेमका अशाच भांडणासाठी आहे. ग्राहकाने फी बुडविली असेल तर ती मागण्याचे मार्ग वेगळे आहेत.

हिजरतच्या रात्रीची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. मक्केतील जे लोक प्रेषितांच्या (स.) जिवावर उठले होते, त्यांच्याच ठेवी त्यांच्या घरी होत्या, आणि त्या परत करण्यासाठी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवण्यात आले. तीन दिवस थांबून त्यांनी एकेकाची ठेव पोचती केली. फी थकविणारा गिऱ्हाईक हा काही रक्ताचा शत्रू नव्हे. आणि आपल्या कार्यालयात येणारा हिंदू शेजारी, ख्रिस्ती परिचारिका यांच्या कागदांचा हक्क मुस्लिम ग्राहकाच्या कागदांइतकाच आहे, हेही त्याच रात्रीने ठरवून टाकले आहे.

देशाचा कायदाही आता याच दिशेने बोलू लागला आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा संमत झाला. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी, काम संपल्यावर पुसून टाकावी, ती फुटली तर संबंधिताला कळवावे, अशा त्याच्या तरतुदी आहेत. माहितीच्या सुरक्षिततेत कसूर केल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. माहिती बाळगणाऱ्याला या कायद्याने दिलेले नाव आहे ‘डेटा फिड्युशियरी’. फिड्युशियरी म्हणजे विश्वस्त. चौदा शतकांपूर्वी अबुल हैसम (रजि.) यांच्यासमोर उच्चारलेल्या शब्दाजवळ कायदा आता आला आहे. दंडाच्या भीतीने जे होईल ते होवो. मोमिनाने ते त्याआधी केलेले असावे.

गुप्ततेलाही मर्यादा आहे, हे सांगितले नाही तर बोलणे एकांगी होईल. बैठकीतील बोलणे अमानत असते, पण तीन गोष्टी त्याला अपवाद आहेत, असे अबू दाऊद यांच्या संग्रहात आले आहे: अवैध रक्तपात, अब्रूवरचा घाला आणि दुसऱ्याचे धन हडपणे. घरकामाच्या नावाखाली मुलींना कोठे पाठविले जात आहे हे ज्याला कळले, त्याने ‘ग्राहकाची गोपनीयता’ पुढे करून गप्प बसू नये. त्याचप्रमाणे खोटे अनुभवपत्र बनवून देणे ही सेवा नव्हे. तो खोट्या साक्षीचा भाग आहे आणि त्यात देणारा व घेणारा दोघेही सामील असतात.

जाणाऱ्यांनीही थोडी सावधगिरी बाळगावी. तवक्कुल म्हणजे उंट मोकळा सोडणे नव्हे. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली रिक्रूटिंग एजंटला नोंदणी बंधनकारक आहे आणि ती ‘ई-मायग्रेट’वर तपासता येते. पासपोर्ट दिला की तारीख व सही असलेली पावती घ्यावी. आधारची प्रत देताना शेवटचे ४ अंकच दिसणारी ‘मास्क्ड’ प्रत चालते का, ते विचारावे. पूर्ण प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवे लिहावे, कशासाठी व कोणत्या तारखेला दिली. आणि पत्नीची, बहिणीची, वडिलांची कागदपत्रे देण्याआधी त्यांना विचारावे. घरचा कर्ता असलो तरी त्यांच्या माहितीचे आपण मालक नाही, तेथे आपणही अमीनच आहोत. आपल्याकडे हे विचारले जात नाही, आणि न विचारण्याला आपण जिव्हाळा समजतो.

शेवटी वारशाविषयी एक गोष्ट राहते. अशा कार्यालयांचे मालक आता वयस्कर होत आहेत. एखाद्याचे निधन होते, मुले कार्यालय विकतात, संगणक भंगारात जातो, कपाटातील फायली रद्दीवाल्याकडे जातात. लक्षात घ्यावे की, या फायली तरका नाहीत. मृताकडे असलेली दुसऱ्याची ठेव वारसांच्या हिश्शांत धरलीच जात नाही. वाटणीपूर्वी ती बाजूला काढून मालकाला द्यावी लागते. म्हणून वडिलांच्या कपाटात दहा-वीस वर्षांपूर्वीचे, कोणी न नेलेले पासपोर्ट सापडले, तर मुलांनी आधी त्यांवरील पत्त्यांवर शोध घ्यावा, गावच्या जमातीत विचारावे, आणि मालक सापडला नाही तर ते पासपोर्ट कार्यालयात नेऊन द्यावेत. बाकीच्या प्रती फाडून वा जाळून नष्ट कराव्यात, संगणकातील माहिती जाणकाराकडून पुसून घ्यावी, आणि त्यानंतरच किल्ली नव्या मालकाच्या हाती द्यावी.