‘झालं’ म्हणजे कुठे झालं?

‘तो बग फिक्स झाला का?’ सॉफ्टवेअरच्या कुठल्याही टीममध्ये हा प्रश्न दिवसातून दहा वेळा विचारला जातो, आणि बहुतेक वेळा त्याला एका शब्दात उत्तर मिळतं: ‘झाला.’ या एका शब्दाच्या पोटात काय आहे ते कळावं म्हणून जिरा, गिटहब, गिटलॅब अशा साधनांत प्रत्येक इश्यूला आवृत्तीचा टॅग लावायची सोय असते. दोष कोणत्या आवृत्तीत सापडला, कोणत्या आवृत्तीत दुरुस्त झाला, हे तिथे नोंदवायचं. पुष्कळांना ही कारकुनी वाटते. रिलीजच्या आदल्या संध्याकाळी कुणीतरी बसतं, राहिलेले टॅग भराभर लावतं आणि यादी पुरी करतं. मला मात्र या टॅगमध्ये सत्याविषयीचा एक फार जुना प्रश्न दिसतो: एखादं विधान खरं ठरायला त्याच्यासोबत आणखी काय काय सांगावं लागतं? या प्रश्नाचा सर्वांत नेटाने पाठपुरावा आपल्याकडे जैन तार्किकांनी केला. त्यांचं उत्तर असं, की विधान कोणत्या अपेक्षेने, म्हणजे कोणत्या संदर्भात, केलं आहे हे सांगेपर्यंत ते पुरतं खरं होत नाही. त्यांचा ‘स्यात्’ हा शब्द आणि इश्यूवरचा आवृत्तीचा टॅग एकच काम करतात, असं माझं म्हणणं आहे.

७ एप्रिल २०१४ या दिवशी ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधला ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष जाहीर झाला. इंटरनेटवरचा फार मोठा गुप्त व्यवहार या सॉफ्टवेअरच्या भरवशावर चालत होता. दोष साधा होता. दोन संगणकांमधलं संभाषण चालू आहे ना, हे तपासण्यासाठी एक बाजू थोडीशी अक्षरं पाठवते, सोबत त्यांची लांबी सांगते आणि दुसरी बाजू तेवढीच अक्षरं परत पाठवते. पाठवणाऱ्याने चार अक्षरं देऊन ‘चौसष्ट हजार’ असं सांगितलं, तरी समोरचा सर्व्हर ती लांबी पडताळून न पाहता आपल्या स्मृतीतला तेवढा मजकूर उचलून देत असे; मग त्यात कुणाचा पासवर्ड असो की खुद्द सर्व्हरची गुप्त किल्ली. दुरुस्ती त्याच दिवशी १.०.१जी या आवृत्तीत आली. १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंतच्या आवृत्त्या सदोष होत्या. इथवर सगळं सरळ वाटतं: नवी आवृत्ती चांगली, जुनी वाईट. पण त्याहून जुन्या ०.९.८ आणि १.०.० या शाखांमध्ये हा दोष मुळातच नव्हता, कारण तो ज्या सोयीबरोबर आला ती सोयच त्यांत नव्हती. उलट १.०.२ची चाचणी आवृत्ती क्रमांकाने पुढची असूनही सदोष होती. आणि डेबियन या लिनक्स प्रणालीने आपल्या स्थिर वितरणात १.०.१ई हीच आवृत्ती ठेवून दुरुस्तीचा तेवढा भाग तिच्यात आणून बसवला. त्या पॅकेजचं पूर्ण नाव १.०.१ई-२+डेब७यू५ असं झालं. अशा सर्व्हरवर ओपनएसएसएलला तिची आवृत्ती विचारली, तर ती ‘१.०.१ई’ एवढंच सांगायची. हा आकडा सदोष आवृत्त्यांच्या यादीत होता आणि सर्व्हर मात्र सुरक्षित होता. ‘१.०.१ई सदोष आहे’ हे वाक्य एका जागी खरं, दुसऱ्या जागी खोटं. वाक्यातलं एक अक्षरही बदललेलं नाही.

जैन तर्कग्रंथांमध्ये घटाचं उदाहरण येतं, ते इथे आठवतं. तेराव्या शतकात मल्लिषेणाने लिहिलेल्या ‘स्याद्वादमंजरी’त ते सविस्तर आहे. घट आहे, पण कोणत्या अर्थाने आहे? मातीचा म्हणून आहे, पाण्याचा म्हणून नाही. पाटलिपुत्रात आहे, कान्यकुब्जात नाही. शिशिरात आहे, वसंतात नाही. काळा म्हणून आहे, तांबडा म्हणून नाही. द्रव्य, क्षेत्र, काळ आणि भाव या चार बाजूंनी प्रत्येक ‘आहे’ बांधलेलं असतं, आणि ही बांधणी सुटली की तेच ‘आहे’ पोकळ होतं. आता एखाद्या बगची नीट ठेवलेली नोंद उघडून पाहा. कोणतं पॅकेज, कोणतं वितरण, कोणती आवृत्ती, कोणत्या बनावटीचा प्रोसेसर. घटाच्या चार बाजूंपुढे ही यादी ठेवली, तर दोन्हीकडे एकच जाण काम करताना दिसते. हे साम्य मी ओढूनताणून आणलेलं नाही, आणि ते कुठे संपतं हेही सांगायला हवं. विधानाचे सात प्रकार सांगणाऱ्या जैन सप्तभंगीतला ‘अवक्तव्य’ घेऊन त्याची सांगड ‘दोष पुन्हा घडवून दाखवता येत नाही’ या टॅगशी घालायचा मोह होतो, पण ती जुळणी चुकीची आहे. अवक्तव्य म्हणजे अस्ति आणि नास्ति एकाच दमात, एकाच शब्दाने सांगता न येणं. तो टॅग केवळ आपल्याला माहिती कमी आहे एवढं कबूल करतो.

जैन आचार्य हेमचंद्राने बाराव्या शतकात विधानांच्या तीन पायऱ्या सांगितल्या आणि मल्लिषेणाने त्यांचं विवरण केलं. ‘आहेच’ हा दुर्नय, कारण तो बाकीच्या सगळ्या बाजू नाकारतो. ‘आहे’ हा नय. तो एक बाजू सांगतो आणि इतरांविषयी गप्प राहतो. ‘अमुक अपेक्षेने आहे’ हे प्रमाण. संस्कृतात पहिल्या पायरीला ‘एव’ लागतो. मराठीत त्याचं काम ‘च’ करतो, आणि मराठी माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. ‘बग फिक्स झालाच आहे’, ‘बग फिक्स झाला आहे’ आणि ‘बग १.०.१जी मध्ये फिक्स झाला आहे’ ही तीन वाक्यं एकापाठोपाठ म्हणून पाहिली की पहिल्यातला हट्ट, दुसऱ्यातला अपुरेपणा आणि तिसऱ्यातला नेमकेपणा कानालाच कळतो. आवृत्तीचा टॅग दुसऱ्या वाक्याला तिसऱ्या पायरीवर नेतो.

हे काम मनापासून कसं करता येतं याचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उदाहरण पुन्हा डेबियनचंच आहे. तिथल्या बगनोंदणीत एखाद्या दोषावर नुसता ‘बंद’ असा शिक्का मारून भागत नाही. तो कोणत्या आवृत्तीत ‘सापडला’ आणि कोणत्या आवृत्तीत ‘दुरुस्त झाला’ हे वेगवेगळं लिहिलं जातं, आणि दोन्ही याद्यांत अनेक नोंदी असू शकतात. शिवाय ही व्यवस्था आवृत्त्यांची वंशावळ पाहते. प्रत्येक पॅकेजच्या बदलनोंदींवरून कोणती आवृत्ती कोणत्या आवृत्तीपासून निघाली हे तिला कळतं, त्यामुळे दुरुस्ती फक्त तिच्या वंशजांपर्यंत पोचते. क्रमांकाने मोठ्या पण दुसऱ्या शाखेतल्या आवृत्तीला तिचा लाभ आपोआप मिळाला असं ती मानत नाही. म्हणून तिथे एकच दोष विकासाच्या शाखेत संपलेला आणि स्थिर वितरणात जिवंत असू शकतो, आणि नोंद या दोन्ही गोष्टी न डगमगता सांगते. आणखी एक बारकावा आहे. दुरुस्ती तयार आहे पण पॅकेज अजून चढवलेलं नाही, अशा मधल्या अवस्थेसाठी ‘पेंडिंग’ हा स्वतंत्र टॅग आहे. पॅकेज खरोखर चढतं, त्याच्या बदलनोंदीत बगचा क्रमांक असतो, तेव्हाच तो बग त्या आवृत्तीपुरता बंद होतो. पुष्कळ टीममध्ये मात्र ‘फिक्स व्हर्जन’ हा एकच रकाना दोन्ही कामांना वापरतात. रिलीजपूर्वी तो ‘या आवृत्तीत करायचं आहे’ असं म्हणतो आणि रिलीजनंतर ‘या आवृत्तीत झालं’ असं म्हणतो. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी विधी आणि अनुवाद वेगळे ठेवण्यासाठी केवढा खटाटोप केला. एक करायला सांगतो, दुसरा आधीच कळलेलं पुन्हा सांगतो. एकाच रकान्यात हे दोन्ही आले, की काल जो संकल्प होता तो आज कुणी हात न लावता हकीकत होऊन बसतो.

या सगळ्यावर जुना आणि जोरकस आक्षेप आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात जैन मताचा परामर्श घेताना शंकराचार्य म्हणतात, की एकाच वस्तूत परस्परविरुद्ध धर्म एकत्र नांदू शकत नाहीत, आणि ‘असेल किंवा नसेल’ अशा स्वरूपाचं ज्ञान संशयाइतकंच निरुपयोगी आहे. ज्याच्या उपदेशाचा अर्थच ठरलेला नाही, त्याच्या बोलण्यावर कुणी पाऊल उचलावं कसं? हा आक्षेप हलका नाही. रात्री दोन वाजता सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला ‘एका अपेक्षेने सुरक्षित, एका अपेक्षेने असुरक्षित’ असं उत्तर मिळालं, तर त्याने करायचं काय? पण इथे ‘स्यात्’चा अर्थ ‘कदाचित’ असा घेतला गेला आहे. जैन तार्किक तो ‘अमुक एका अपेक्षेने’ असा घेतात, आणि अपेक्षा एकदा सांगितली की त्या अपेक्षेपुरतं विधान पूर्ण निश्चित असतं. ‘१.०.१ई-२+डेब७यू५ मध्ये हा दोष दुरुस्त आहे’ या वाक्यात संशयाला जागाच नाही. संशय होता तो ‘१.०.१ई’ एवढ्यावर थांबलेल्या वाक्यात. त्या रात्री पाऊल उचलायला मदत झाली असती ती अपेक्षा सांगणाऱ्या वाक्याचीच.

दुसरा आक्षेप बौद्ध तार्किक धर्मकीर्तीचा, आणि तो अधिक झोंबणारा. सगळं काही सगळ्या रूपांनी असेल, तर ‘दही खा’ म्हटल्यावर माणूस उंटाकडे का धावत नाही, असं तो ‘प्रमाणवार्तिका’त विचारतो. जैन तार्किक अकलंकाने त्याला उलट विचारलं: तुमचे बुद्ध पूर्वजन्मी मृग होते असं तुम्हीच मानता; तरी तुम्ही वंदन बुद्धाला करता आणि खाता मृगाला, ते कसं? संतती, म्हणजे क्षणांची सलग साखळी, एक असली तरी अवस्था वेगळी असते, आणि व्यवहार अवस्थेशी होतो. मला हे उत्तर पटतं, आणि सॉफ्टवेअरच्या इतिहासात त्याला आधार देणारी एक खरी घटना आहे. १९९५ च्या अखेरीस सीडी विकणाऱ्या एका कंपनीने डेबियनची अर्धवट, विकासावस्थेतली प्रत आपल्या संचात घातली आणि तिला चुकून ‘डेबियन १.०’ असं नाव दिलं. ती प्रत नीट चालेल याची खात्री नव्हती. डिसेंबरमध्ये दोघांनी मिळून चूक जाहीर केली. पण नाव तर वापरलं गेलं होतं. खरी आवृत्ती पुढे त्याच नावाने काढली असती, तर ‘१.०’ मागणाऱ्याच्या हाती दही पडेल की उंट, हे कुणी सांगू शकलं नसतं. म्हणून डेबियन १.० कधी निघालीच नाही. जून १९९६ मध्ये आली ती १.१. पुढे आवृत्तीक्रमांकांचे संकेत लेखी ठरवले गेले, तेव्हा एकदा प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीचा मजकूर बदलायचा नाही, बदल करायचा तर नवा क्रमांक घ्यायचा, हा नियम त्यांत आला. अपेक्षा सांगणारं नावच डळमळीत असेल, तर सगळं स्याद्वादी बोलणं कोसळतं. धर्मकीर्तीने बोट ठेवलं ते याच जागेवर, आणि त्याबद्दल त्याचे आभारच मानले पाहिजेत.

तिसरा आक्षेप ग्रंथातला नाही, रोजच्या कामातला आहे. टॅग लावायला वेळ जातो, लोक कंटाळतात, आणि शेवटी शेकडो लेबलं साठून कशालाच अर्थ उरत नाही. हे खरं आहे. ‘तातडीचं’, ‘फार तातडीचं’, ‘पाहावं’ असली लेबलं कितीही लावली, तरी विधानाची अपेक्षा तसूभरही स्पष्ट होत नाही. त्यांतून लावणाऱ्याची मनःस्थिती तेवढी कळते. जी बदलली की ‘झालं’ या उत्तराचं ‘नाही झालं’ होतं, तीच अपेक्षा सांगायला हवी, आणि अशा अपेक्षा नेहमी थोड्या असतात. त्या थोड्यांबाबत आळस करणं मात्र मला लहानसा दोष वाटत नाही. असत्य म्हणजे काय हे उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात सांगितलं आहे, तिथे टीकाकार प्रमादाची आठवण करून देतात. फसवायचा हेतू नसला, तरी बेसावधपणे जे नाही ते आहे म्हणून सांगितलं, तर ते असत्यच. हार्टब्लीडची दुरुस्ती ७ एप्रिलला जगात आली होती, पण तेवढ्याने कुठल्याही एका सर्व्हरवर ती आली असं होत नव्हतं. त्याच सुमारास कॅनडाच्या महसूल खात्याच्या सर्व्हरमधून सुमारे ९०० करदात्यांचे सामाजिक विमा क्रमांक याच दोषाच्या वाटेने चोरीला गेले. आणि ज्यांनी नवी आवृत्ती लगेच चढवली, त्यांचंही काम तिथे संपत नव्हतं. किल्ली आधीच बाहेर गेलेली असू शकत होती, त्यामुळे प्रमाणपत्रं नव्याने काढणं भाग होतं. प्रोग्राममध्ये झालं, यंत्रावर झालं, लोकांच्या वाट्याला आलं, ही तीन वेगळी ‘झालं’ आहेत, आणि त्यांच्या मधल्या फटीत माणसांचं नुकसान होतं.

मग बिनशर्त ‘झालं’ कधीच म्हणता येत नाही का? एका माणसाने त्याची वाट आखून ठेवली आहे. डोनाल्ड नूथ यांच्या ‘टेक्’ या अक्षरजुळणीच्या प्रणालीत आवृत्ती तीनपासून पुढे प्रत्येक नव्या दुरुस्त आवृत्तीला क्रमांकात एकेक अंक वाढतो आणि तो क्रमांक पायच्या किमतीकडे सरकत जातो. आपल्या मृत्यूनंतर आवृत्तीचा क्रमांक थेट π करावा, प्रणालीला कुणी हात लावू नये, आणि त्या क्षणी जे बग उरले असतील ते यापुढे वैशिष्ट्यं समजावेत, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. म्हणजे ‘दोष’ या शब्दाचा अर्थच त्या दिवशी बदलायचा, तेव्हाच कोणतीही अपेक्षा न जोडता ‘झालं’ म्हणता येईल. तोवर ते अधूनमधून, काही वर्षांच्या अंतराने, आलेल्या तक्रारी तपासतात. २०२१ च्या सुरुवातीला त्यांनी अशाच काही दुरुस्त्या केल्या, तेव्हा क्रमांकात आणखी एक अंक आला: ३.१४१५९२६५३.