नातलगांना कोणी विचारले?

२ डिसेंबर २०२४ रोजी ब्रसेल्सच्या अपील न्यायालयाने पाच वृद्ध स्त्रियांच्या बाजूने निकाल दिला. या पाचही जणी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीनंतर बेल्जियन काँगोत जन्मल्या. आई काँगोची, बाप गोरा. सात वर्षांच्या होण्याआधीच वसाहतीच्या अधिकाऱ्यांनी त्यांना आईपासून तोडले आणि कासाई प्रांतातल्या काटेन्डे येथील कॅथलिक नन्सच्या मिशनमध्ये नेऊन ठेवले. मिश्र वंशाची मुले गोऱ्या राजवटीला धोक्याची वाटत होती, म्हणून ती हुडकून काढायची आणि मिशनच्या भिंतीआड ठेवायची, असे सरकारचे ठरलेले धोरण होते. १९६० साली काँगो स्वतंत्र झाला. गोरी माणसे निघून गेली आणि मुली मागे राहिल्या. त्यानंतर सशस्त्र टोळ्यांनी त्यांचे जे केले ते त्यांनी म्हातारपणी न्यायालयात सांगितले. खालच्या न्यायालयाने २०२१ मध्ये त्यांचा दावा फेटाळला होता. अपिलात मात्र त्यांना आईपासून तोडणे हा मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरला आणि प्रत्येकीला ५० हजार युरो भरपाई मंजूर झाली.

या निकालाचा हवाला देत आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी एक लेख लिहिला. आफ्रिकेतले मिशनऱ्यांचे सगळे बालसंगोपन म्हणजे धर्मांतराची पेरणी, काटेन्डे हा अपवाद नव्हे, तोच नियम, असा त्यांचा सिद्धान्त. त्यावर एका धर्मगुरूंनी उत्तर दिले. त्यात दवाखाने, शाळा आणि वाचलेल्या जिवांची यादी होती. मला हे दोन्ही लेख अपुरे वाटले, आणि स्नेह्यांचा जास्त. कारण ते अभ्यासक आहेत. ‘आत्मा की पोट’ ही चौकट आपण महाराष्ट्रात १८९३ पासून वापरतो आहोत. विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनावरून पुण्यात वाद पेटला तेव्हा ते चालवणाऱ्या पंडिता रमाबाईंच्या विरोधकांनी आणि पाठीराख्यांनी याच चौकटीत हमरीतुमरी केली. काटेन्डेच्या खटल्यात मात्र बाप्तिस्म्याबद्दल तक्रार नव्हती. न्यायालयासमोर प्रश्न होता आईचा. तिला विचारले होते का? तिचे मूल कुठे आहे हे तिला कळत होते का? हा प्रश्न माझ्या स्नेह्यांच्या लेखात एकदाही येत नाही. धर्मगुरूंच्या लेखातही नाही.

त्यांचा ‘नियम’ तपासायचा तर मेरी स्लेसरपासून सुरुवात करावी लागेल. १८४८ साली ॲबर्डीनमध्ये जन्मलेली ही मुलगी दारुड्या बापाच्या घरात वाढली. अकराव्या वर्षापासून ती डंडीच्या एका गिरणीत अर्धा दिवस राबायची आणि अर्धा दिवस गिरणीच्या शाळेत बसायची. १८७६ मध्ये ती मिशनरी म्हणून कॅलाबारला, म्हणजे आजच्या आग्नेय नायजेरियात, गेली. त्या भागात जुळी मुले अभद्र मानली जात. त्यांना मडक्यात घालून रानात टाकत आणि आईला गावाबाहेर काढत. स्लेसरने अशी मुले उचलून आणली, स्वतःच्या मातीच्या घरात वाढवली, कितीतरी जणांची ती आई झाली. ती तिथली एफिक भाषा बोलायची, गावात मिळेल ते खायची, आणि तिथेच १९१५ च्या जानेवारीत वारली. माझ्या स्नेह्यांनी तिला एका ओळीत ‘साम्राज्याची परिचारिका’ म्हणून निकालात काढले आहे. ब्रिटिश सत्तेने तिला व्हाइस कॉन्सलचे अधिकार दिले होते आणि ती न्यायनिवाडे करत असे, हे खरे. पण तिच्या कामाचा जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो त्याकडे त्यांचे लक्षच गेले नाही. ती नुसत्या बाळांपाशी थांबली नाही. जुळ्यांच्या हाकललेल्या आयांना तिने आसरा दिला, त्यांना गावाने परत घ्यावे म्हणून वर्षानुवर्षे भांडली, आणि उतारवयात निराधार बायकांसाठी वस्ती उभी करायला लागली. जिथे नातलगांकडूनच जिवाला धोका होता, तिथे तिने मूल बाजूला घेतले. तेवढ्यावर आईचे नाते तिने संपवून टाकले नाही.

दुसरे उदाहरण आपल्या अंगणातले आहे. नाशिकचा शरणपूर रस्ता ज्याने पाहिला नाही असा महाराष्ट्रीय वाचक विरळा. पण या शरणपुरात एकेकाळी आफ्रिकेतली मुले राहत होती हे किती जणांना ठाऊक आहे? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ब्रिटिश आरमार हिंदी महासागरात गुलामांची गलबते पकडायचे. त्यातून सुटलेली मुले मुंबईला उतरवली जायची. चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ च्या सुमारास शरणपूरची ख्रिस्ती वस्ती वसवली, आणि पुढे यातली पुष्कळ मुले तिथे आली. तिथे त्यांना लिहिणे-वाचणे आणि सुतारकी, लोहारकी असे हातचे काम शिकवले जाई. इंग्रजी कागदपत्रांत ही मुले ‘नासिक बॉइज’ म्हणून येतात. १८७३ मध्ये आजच्या झांबियात मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन मरण पावला तेव्हा त्याचे प्रेत किनाऱ्यापर्यंत, हजार मैलांहून अधिक, वाहून आणणाऱ्यांत यातले काही जण होते. मृत्यूच्या मुक्कामावर अंत्यविधीची प्रार्थना वाचणारा आणि झाडावर नाव कोरणारा जेकब वेनराइट हा नाशिकला शिकलेला होता. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीच्या मानकऱ्यांमध्ये आफ्रिकी माणूस तो एकटाच होता.

मिशनच्या बाजूने बोलणारे इथे थांबतात. मला पुढे जायचे आहे, कारण खरी कसोटी पुढे आहे.

ऑर्लांडो पॅटरसन या जमैकात जन्मलेल्या समाजशास्त्रज्ञाचा १९८२ चा गुलामगिरीवरचा ग्रंथ मी पुन्हा पुन्हा उघडते. गुलाम म्हणजे दुसऱ्याची मालमत्ता, या रूढ व्याख्येवर पॅटरसन समाधानी नाहीत. मालमत्तेचा हक्क तर इतर अनेक माणसांवर अनेक परींनी चालवला गेला आहे. गुलामाचे वेगळेपण त्यांच्या मते असे, की त्याची जन्माने आलेली सगळी नाती समाज रद्द ठरवतो. त्याचा आजा त्याचा राहत नाही, त्याचे मूल त्याचे राहत नाही. मागच्या पिढीवर त्याचा हक्क नाही आणि पुढच्या पिढीला द्यायला त्याच्यापाशी काही नाही. देह जिवंत असतो, समाजाच्या लेखी माणूस मेलेला असतो. म्हणून जगभरच्या गुलामगिरीत नवे नाव ठेवण्याचा विधी सापडतो. जुने नाव गेले की ज्यांनी ते ठेवले तेही गेले.

आता शरणपूरच्या मुलांची नावे पाहा. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, विल्यम जोन्स. यातले एकही नाव त्यांच्या आईने ठेवलेले नव्हते. व्यापाऱ्याने नाती तोडली, मिशनने त्या तुटलेल्या जागी नवे नाव ठेवले. हेतू परस्परविरुद्ध होते. एकाला विकायचे होते, दुसऱ्याला वाचवायचे होते. मुलाच्या बाजूने पाहिले तर मात्र दुसऱ्या कृतीने पहिलीवर शिक्का मारला. माझ्या स्नेह्यांच्या म्हणण्यात इथे तथ्य आहे, आणि ते मी मान्य करते. ते त्याला धर्मांतर म्हणतात. मला तो शब्द या हानीसाठी फार तोकडा वाटतो.

तरीही शरणपूर म्हणजे काटेन्डे नव्हे. गलबतातून उतरलेल्या सात वर्षांच्या, याओ जमातीच्या मुलाचे गाव न्यासा सरोवराच्या परिसरात कुठेतरी होते आणि बहुधा जळून गेलेले होते. त्याचे नातलग शोधायचा मार्ग त्या काळात कोणापाशीही नव्हता. काटेन्डेच्या मुलींची आई मात्र गावात होती, तिचे नाव-गाव अधिकाऱ्यांना माहीत होते. एका ठिकाणी नाते आधीच तोडले गेले होते, दुसऱ्या ठिकाणी ते मुद्दाम तोडले. हा फरक जो करत नाही, त्याने मिशनऱ्यांच्या बाजूनेही लिहू नये आणि विरोधातही लिहू नये.

शिवाय शरणपूरच्या मुलांनी त्या नव्या नावांनिशी काय केले, हेही पाहिले पाहिजे. १८६४ मध्ये जोन्स आणि त्याचे सोबती मोंबासाजवळच्या राबाई येथे गेले. १८७५ च्या सुमारास नाशिकहून आणखी दीडशेच्या आसपास लोक गेले आणि मोंबासासमोर सोडवलेल्या गुलामांची वस्ती उभी राहिली. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून ती फ्रियर टाउन झाली. पुढे राबाईची जबाबदारी जोन्सकडे आली, आणि किनाऱ्यावरच्या मळ्यांतून पळालेले गुलाम तिथे आसऱ्याला येऊ लागले. पळालेल्यांना ठेवून घेणे हा मालकांशी उघड झगडा होता. मिशनच्या गोऱ्या वरिष्ठांना तो नको होता. १८८८ मध्ये मोजदाद झाली तेव्हा त्या भागातल्या मिशनच्या वस्त्यांत मिळून असे चौदाशेच्या आसपास लोक निघाले, आणि अखेर त्या किनाऱ्याचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश कंपनीला मालकांना पैसे मोजून त्यांची सुटका करून घ्यावी लागली. स्वतःची नाती हरवलेल्या माणसाने शेकडो कुटुंबांना एका जागी राहायची सोय करून दिली. मिशनच्या इतिहासात मला अभिमान वाटावा असे पान कुठले, तर हे. आणि ते एका आफ्रिकी माणसाने, वरिष्ठांच्या नाराजीला न जुमानता लिहिलेले आहे.

आजची गोष्ट यापेक्षा अवघड आहे, कारण आज गलबते नाहीत, वसाहतीचे अधिकारी नाहीत, आणि तरीही मुले आईबापांपासून तुटत आहेत. एड्सच्या साथीनंतर आफ्रिकेतल्या अनाथ मुलांचे आकडे जगभर पोचले. त्या मोजणीत आई किंवा बाप यांपैकी एक जण गेलेले मूलही अनाथ धरले जाते. सहाराच्या दक्षिणेकडच्या देशांतल्या अशा मुलांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मुले आजी, मावशी, काका यांच्याकडेच वाढत होती, हे युनिसेफनेच २००३ मध्ये सांगितले. पण अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या चर्चमध्ये देणगीसाठी जे छायाचित्र लागायचे त्यात आजी बसत नव्हती. पैसा इमारतींना मिळाला. इमारत उभी राहिली की खाटा भरायला मुले लागतात, आणि गरीब गावात पोटभर जेवण व शाळा एका फाटकाआडच मिळत असेल तर बाप मुलाला फाटकापर्यंत पोचवतो. जगभरच्या बालगृहांतल्या दर पाच मुलांपैकी किमान चौघांची आई किंवा बाप हयात असतो, असा ‘सेव्ह द चिल्ड्रन’चा अंदाज आहे.

यात एक गैरसमज खोलवर काम करतो. पश्चिम आफ्रिकेत मूल नातलगांकडे वाढायला देण्याची जुनी रीत आहे. एस्थर गुडी यांनी घानातल्या गोंजा लोकांमध्ये राहून ती तपशिलात नोंदवली. आपल्याकडे मुलाला मामाकडे शिकायला ठेवतात तसेच हे. मूल तिकडे वाढते, पण ते कोणाचे याबद्दल कोणाला शंका नसते. अशी रीत ज्यांच्या हाडीमाशी आहे त्यांच्यापुढे परदेशी दत्तकविधानाचा कागद आला, तर मूल शिकून परत येईल असेच ते समजणार. पश्चिम आफ्रिकेबाहेर, इथिओपियाने तर २०१८ मध्ये परदेशी दत्तकविधान बंदच केले.

मलावीतले म्चिंजीचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. तिथे एका मलावीयन पाद्रींनी चालवलेल्या ‘होम ऑफ होप’ या बालगृहातून २००६ मध्ये गायिका मॅडोनाने डेव्हिड बांडा या बाळाला नेले. जगभर त्यावर चर्चा झाली. बाळाची आई बाळंतपणानंतर वारली होती. बाप जिवंत होता. त्याला ते पोसणे जमेना म्हणून त्याने ते बालगृहात ठेवले होते. त्याच वर्षी, त्याच म्चिंजी जिल्ह्यात मलावी सरकारने युनिसेफच्या मदतीने अगदी गरीब घरांना थेट रोख रक्कम देणारी योजना सुरू केली. ज्या घरांत कमावते माणूस नाही आणि आजीच्या पदरात नातवंडे आहेत अशी पुष्कळ घरे तिच्यात आली. महिन्याला सरासरी १४ डॉलरच्या आसपास. पुढच्या पाहणीत त्या घरांतले जेवण सुधारलेले आणि शाळेत जाणारी मुले वाढलेली दिसली. या योजनेबद्दल आपल्या वर्तमानपत्रांत मी एक ओळही वाचली नाही. दत्तकविधानाची छायाचित्रे मात्र सगळ्यांनी छापली.

भाबड्या परोपकाराने किती घात होतो याचे उदाहरण उगांडातल्या जिंजाजवळ घडले. वैद्यकीय पदवी नसलेल्या एका अमेरिकी तरुणीने देवाने बोलावले या श्रद्धेने अतिकुपोषित बाळांसाठी केंद्र उघडले. तिथे दाखल झालेल्यांपैकी शंभरावर मुले दगावली. दोन आयांनी दावा लावला, २०२० मध्ये जबाबदारी न स्वीकारता पैसे देऊन तडजोड झाली. अशी बाळे सरकारी दवाखान्यांतही दगावतात, हे त्या केंद्राचे म्हणणे खोटे नाही. पण तिथल्या एखाद्या नातलगाला त्या तरुणीची पदवी विचारता आली असती का? गोरा चेहरा आणि बायबल पाहून आईने तेव्हा तोंड उघडले नाही. तिचे हे गप्प बसणे मला विश्वासापेक्षा नाइलाजाचे वाटते.

पर्याय नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. १९९४ च्या नरसंहाराने रवांडात अनाथालये भरून गेली होती. त्या देशाने २०१२ मध्ये पाहणी केली तेव्हा ३३ संस्थांत ३ हजारांहून अधिक मुले होती. मग सरकारने एकेका मुलाचे नातलग शोधायला लावले, जिथे नातलग नव्हते तिथे गावातलीच कुटुंबे तयार केली, आणि संस्था एकामागून एक बंद करायला घेतल्या. त्या देशात चर्चचा शब्द मोठा आहे. त्या कामाला हात लावणाऱ्या चर्चला माझा नमस्कार आहे. जी संस्था रिकाम्या खाटा पाहून खंतावते तिला नाही.

माझ्या स्नेह्यांना माझे सांगणे एवढेच, की बाप्तिस्मे मोजायचे थांबवा. धर्मगुरूंना सांगणे, की वाचलेले जीव मोजताना मागे राहिलेल्या आयाही मोजा. आणि वाचकहो, तुम्हालाही. आपल्याकडे वाढदिवसाला, पुण्यतिथीला बालगृहात जेवण देण्याची पद्धत आहे. परदेशातले आपले मराठी बांधव आफ्रिकेतल्या संस्थांनाही पैसे पाठवतात. पुढच्या वेळी चेक लिहिण्याआधी संस्थाचालकांना विचारा, की इथल्या किती मुलांचे आईबाप किंवा आजी-आजोबा हयात आहेत, ते मुलांना शेवटचे कधी भेटले, आणि गेल्या वर्षी किती मुले घरी परत गेली. उत्तर लेखी मागा. ते मिळाले नाही तर ती रक्कम मुलाच्या आजीपर्यंत पोचवणारी दुसरी संस्था शोधा.