शील घडते कशाने?

पठणाने बुद्धी कुशाग्र होते. परंतु शील केवळ पठणाने येत नाही, ते आचाराने येते, हे सर्वमान्य आहे. म्हणूनच शाळेत पाठांच्या जोडीला श्रम, सेवा, खेळ, सहभोजन असे उपक्रम असावेत, असे शिक्षणवेत्ते सांगत आले. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने तर 'कार्यानुभव' हा शिक्षणाचा अविभाज्य भाग मानला.

येथे अशी शंका उद्भवते की, जो आचार वेळापत्रकाने लादला जातो व ज्याचे गुण मिळतात, त्याने शील घडेल की दंभ? शंका निराधार नव्हे. बाजारातून विकत आणलेली वस्तू स्वहस्ते केली म्हणून मांडणारा विद्यार्थी हस्तकला शिकत नाही, असत्य शिकतो; आणि शिक्षक जाणूनबुजून तिला गुण देतो, तेव्हा त्या असत्याला गुरूचीच संमती लाभते.

परंतु एवढ्यावरून उपक्रम त्याज्य ठरत नाहीत. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह चालविले. तेथे नाना जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत व एका पंक्तीस जेवत. समतेवरील शंभर व्याख्यानांनी जे साधले नसते, ते त्या एका पंक्तीने साधले. नियम तेथेही होताच. मग दंभ का उपजला नाही?

याचे समाधान असे. एक तर ते कर्म दिखाऊ नव्हते, आवश्यक होते. ज्याची पाळी त्याने भाकरी भाजली नाही, तर सोबती उपाशी राहणार; तेथे कर्माची परीक्षा गुणपत्रिका करीत नाही, सोबत्याची भूक करते. दुसरे असे की, वडीलधारी मंडळी त्या कष्टापासून अलिप्त नव्हती. वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरील दागिने मोडले. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांच्या खोल्या स्वतः झाडीत. जे गुरू करतो ते शिष्याला आज्ञेवाचून कळते.

सारांश, नियम हा चालू लागलेल्या बालकास दिलेल्या बोटासारखा आहे. आरंभी तो हवाच. पण बोट सुटल्यावर पाऊल पडते की नाही, हीच खरी कसोटी. कोणी पाहत नसता विद्यार्थी सांडलेले पाणी पुसतो, मागे पडलेल्या सोबत्यासाठी थांबतो, तेव्हा उपक्रम सफळ झाला असे जाणावे. हा विचार जसा शाळेला, तसाच आश्रमात शिकणाऱ्या बालकांनाही लागू आहे. म्हणून मुलांच्या हाती झाडू देण्यापूर्वी तो आपण कधी धरला होता, हे शिकविणाऱ्यांनी आधी स्वतःस विचारावे.