दिवसाचा ताळा

इंग्रजी शिकावी कीं न शिकावी हा वाद महाराष्ट्रांत शतकाहून अधिक काळ चालला, आणि तो युक्तिवादानें मिटण्यापेक्षां बहुधा थकव्यानेंच मिटला. सावित्रीबाई फुले यांच्या १८५४ सालीं निघालेल्या ‘काव्यफुले’ ह्या संग्रहांत इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरणारी कविता आहे. पुढें विष्णुशास्त्री चिपळूणकरांसारखा स्वभाषेचा कट्टा अभिमानीही इंग्रजी विद्येचें ऋण नाकारीत नव्हता. आणि २००० सालापासून तर राज्यांतील मराठी शाळांतही पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकवूं लागले. आतां उरला तो ‘कशी शिकावी’ हा प्रश्न. तो व्याकरणकारांचा आणि पाठ्यपुस्तकें लिहिणारांचा आहे असें समजून विचारी लोक त्याकडे लक्ष देत नाहींत. मला तो नीतीचा प्रश्न वाटतो. प्रौढ मनुष्य परकी भाषा बोलूं लागतो तेव्हां तो चारचौघांत पुन्हा बोबडा होतो. घरांत ज्याचा शब्द चालतो, शेतावर ज्याची सल्ला घेतात, तो एका साध्या वाक्याशीं अडखळतो. ह्या अडखळण्याचें तो मनाशीं काय करतो, ह्यावर त्याचें शिकणें जितकें अवलंबून आहे तितकें कोणत्याही पाठमालेवर नाहीं.

उदाहरणासाठीं फार दूर जावयास नको. कोल्हापूरच्या दक्षिणेस कळंबा म्हणून गांव आहे. एके काळीं शहराला पाणी पुरविणारा तलाव आणि मोठा तुरुंग ह्या दोन गोष्टींमुळें त्याचें नांव जिल्ह्यांत सर्वांस माहीत. मूळचें हें खेडें. आतां शहर वाढत वाढत त्याला येऊन भिडलें आहे. वाटेवर सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. तेथें फिटर, टर्नर, वेल्डर होऊं पाहणारीं मुलें येतात. त्यांतलीं बरींचशीं पुढें शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगांवच्या कारखान्यांत जातात. ह्या मुलांच्या तोंडीं दिवसभर इंग्रजी शब्द असतात. लेथ, ड्रिल, गेज, मोल्ड ह्यांना दुसरें नांव त्यांनीं कधीं ऐकलेलेंच नाहीं. हत्यारांचीं व यंत्रांच्या भागांचीं शेंदोनशें नांवें घडाघड सांगणारा हा मुलगा नोकरीच्या मुलाखतीस बसला, आणि ‘आपल्याविषयीं कांहीं सांगा’ असें त्याला इंग्रजींत विचारलें, म्हणजे मुका होतो. शब्द त्याच्याजवळ आहेत, वाक्य नाहीं. वाक्य कां नाहीं, तर तें चुकलें तर कोणी हंसेल म्हणून.

हें हंसण्याचें भय कोल्हापूरकडील माणसाला दुहेरी असतें. त्याच्या मराठीलाही बाहेर गेल्यावर हंसलेले आहेत. इकडील बायका स्वतःविषयीं ‘मी आलो, मी गेलो’ असें पुरुषी रूप सहज वापरतात. तें ऐकून पुण्यामुंबईच्या बैठकींत ओठ मुडपले जातात, हें ठाऊक नाहीं अशी ह्या बाजूची शिकलेली मुलगी विरळा. ज्याच्या मातृभाषेचाच असा उपहास झाला, त्यानें परक्या भाषेंत धीट व्हावें ही अपेक्षा कठोर आहे. आणि ह्यांतली मौज म्हणा कीं दुःख म्हणा, हाच मनुष्य शेजार्‍याच्या मोडक्या इंग्रजीला हंसावयास मागें राहत नाहीं.

अशा ठिकाणीं पांचदहा जणांनीं जमून इंग्रजीचा अभ्यास करावा आणि प्रत्येकानें रोज रात्रीं आपल्या दिवसाचा ताळा पाहावा, अशी रीत मला इष्ट वाटते. ताळा हा शब्द गणिताच्या वहींतला आहे व तो मी मुद्दाम घेतों. ताळा पाहणारा विद्यार्थी स्वतःला नालायक म्हणत बसत नाहीं; हातचा कोठें राहिला एवढेंच तो शोधतो. आत्मपरीक्षण म्हटलें कीं आपल्या मनांत पश्चात्ताप उभा राहतो, आणि भाषा शिकणाराला पश्चात्तापाचा कांडीइतकाही उपयोग नाहीं. ‘आय अ‍ॅम वर्क इन फाउंड्री’ असें जो म्हणाला त्यानें पाप केलेलें नाहीं. ‘मी काम करतों आहें’ ह्यांतील ‘आहें’ त्यानें इमानानें पलीकडे नेलें, एवढाच त्याचा अपराध. तसेंच ‘अ’ आणि ‘द’ हीं लहानशीं उपपदें तो विसरतो, कारण मराठींत तसें कांहीं नाहींच. चूक अशी मूळ धरून पाहिली कीं ती परकी व मोजतां येण्याजोगी होते. लाज मात्र मोजतां येत नाहीं. लाज दुसर्‍याच्या डोळ्यांत राहते, चूक वाक्यांत राहते. आणि रात्रीं एकट्यानें वही उघडली असतां दुसर्‍याचे डोळे तेथें नसतात.

बेंजामिन फ्रँकलिनच्या आत्मचरित्रांत ह्या दोन्ही साधना एकाच माणसाच्या ठायीं दिसतात. पोरवयांत त्यानें ‘स्पेक्टेटर’ पत्रांतील निबंध घ्यावे, प्रत्येक वाक्यांतल्या आशयाचें त्रोटक टिपण करावें, कांहीं दिवस तें बाजूला ठेवावें, मग टिपणावरून निबंध स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहावा आणि मुळाशीं ताडून आपले दोष काढावे. पुढें त्यानें तेरा सद्गुणांची यादी करून एक लहानशी वही केली, आणि रोज जेथें चुकलें तेथें काळा ठिपका देऊं लागला. गंमत अशी कीं पहिल्या साधनेंत त्याला भरघोस यश आलें, आणि दुसरींत नम्रतेपाशीं येऊन तो अडला. कारण नम्रता साधलीच तर तिचाही अभिमान वाटेल, हें त्यानें स्वतःच लिहून ठेवलें आहे. वाक्याच्या ताळ्याला मूळ निबंधाचा आधार होता. स्वभावाच्या ताळ्याला तसा आधार कोणता?

पण फ्रँकलिन आपल्याच भाषेंत लिहीत होता. आपला प्रश्न येथें अधिक बिकट होतो. इंग्रजी शिकणाराला हल्लीं हटकून एक उपदेश मिळतो: रोज इंग्रजींत रोजनिशी लिही. उपदेश वरवर पाहतां बिनतोड आहे. परंतु अशी रोजनिशी चार दिवस लिहून पाहणाराच्या वहींत डोकवावें. दिवस असा गेलेला असतो: बांधावरून थोरल्या भावाशीं कडाक्याचें भांडण झालें, आई मधें पडली, संध्याकाळीं कोणी जेवलें नाहीं. वहींत असें उमटतें: आज मी शेतावर गेलों, हवा चांगली होती, सायंकाळीं परत आलों. प्रत्येक वाक्य शुद्ध आणि सबंध दिवस खोटा. हा मनुष्य खोटें बोलूं इच्छीत नव्हता. भांडण, बांध, मधें पडणें, अन्नावरून उठणें ह्यांना त्याच्याजवळ इंग्रजी शब्द नव्हते; जे शब्द होते त्यांच्या मापानें त्यानें दिवस कापला. असें महिनोन्‌महिने चाललें तर आपलें आयुष्य आपल्या शब्दसंग्रहाएवढेंच आहे असें मानण्याची संवय लागते. ज्या साधनेनें माणसानें स्वतःला ओळखावें, तिनेंच तो स्वतःपासून लपूं लागतो.

म्हणून ताळा आधीं मराठींत पाहावा, ह्या मताचा मी आहें. रामदासांनीं मनाशीं बोलण्यासाठीं श्लोक लिहिले, तुकोबांनीं आपल्या मनाचे वाभाडे काढले. हा व्यवहार ह्या भाषेला नवा नाहीं आणि तिच्यांत शब्दांची वाण नाहीं. भावाशीं झालेलें भांडण मराठींत जसें झालें तसें लिहावें. मग त्यांतलें एकच वाक्य निवडावें, जें आपल्याला खरोखर सांगावेंसें वाटतें, आणि तें इंग्रजींत न्यावयाचा प्रयत्न करावा. ‘मी बरोबर होतों, पण बोललों तें वाईट बोललों.’ एवढें वाक्य पलीकडे नेण्यास अर्धा तास लागेल, कोश उघडावा लागेल, दुसर्‍या दिवशीं कोणाला विचारावें लागेल. परंतु तें वाक्य मग विसरत नाहीं. तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालांवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या पोसल्या. त्यांची रीतही मराठीकडून इंग्रजीकडे जाण्याचीच होती. तेथें वाक्यें ग्रंथकर्त्याचीं असत. येथें तीं ज्याचीं त्याचीं असावीं.

मंडळीसमोर ह्यांतलें किती ठेवावें, हा पुढचा प्रश्न. सेनेकानें क्रोधावरील आपल्या ग्रंथांत सांगितलें आहे कीं रात्रीं दिवा नेल्यावर, पत्नीही निःशब्द झाल्यावर, तो सबंध दिवस स्वतःपुढें उलगडीत असे व स्वतःपासून कांहीं लपवीत नसे. त्याला हें साधलें, कारण ऐकणारा तो एकटाच होता. तेंच परीक्षण दहा जणांपुढें वाचावयाचें ठरलें कीं त्याचें कीर्तन होतें. चुका सुद्धां शोभिवंत निवडल्या जातात. म्हणून भांडण घरीं ठेवावें आणि वाक्य तेवढें मंडळींत आणावें. आज काय म्हणावयाचें होतें व म्हणतां आलें नाहीं, काय चुकलें व तें कोणी सांगितलें, एवढें पुरे. भयामुळें काय मुळींच बोललों नाहीं, ही नोंद मला सर्वांत मोलाची वाटते. ती ज्याची त्यानें सांगावी वा न सांगावी.

मंडळीचें काम मग फार थोडें उरतें, पण तें अवघड आहे: न हंसतां ऐकणें, आणि धाकट्याकडून दुरुस्ती घेणें. पहिलीपासून इंग्रजी शिकलेली मुलगी आज घरांत आईहून अधिक इंग्रजी जाणते. बचत गटाच्या बैठकीला जाणारी काकी त्या पोरीला विचारते, ‘हें कसं म्हणायचं गं?’ त्या एका प्रश्नांत वडीलपणाची केवढी मोठी गांठ सुटलेली असते! पुरुषांना हा प्रश्न मुलाला विचारणें जड जातें, असें मी पुष्कळ ठिकाणीं पाहतों.

ह्याच कोल्हापुरांत बाळपण आणि आरंभींचें शिक्षण झालेले महादेव गोविंद रानडे ह्यांच्या घरची हकीकत येथें आठवते. १८७३ सालीं लग्न होऊन आलेल्या लहानग्या रमाबाईंना त्यांनीं आधीं मराठी व मग इंग्रजी शिकविण्यास आरंभ केला. घरांतल्या वडील स्त्रियांना तें रुचलें नाहीं. टोमणे आणि हेटाळणी रोजची झाली. १९१० सालीं निघालेल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकांत रमाबाईंनीं हें सारें लिहिलें आहे, आणि तें मराठींत लिहिलें आहे. पुढें पुण्याच्या सेवासदनाच्या कामांत ज्या बाईंनीं शेंकडों स्त्रियांना शिकण्याची वाट करून दिली, त्यांच्या शिकण्याला सर्वांत जवळचा विरोध स्वयंपाकघरांतला होता. त्या काळीं बाई इंग्रजी शिकते म्हणून हंसत. आज बाईला इंग्रजी येत नाहीं म्हणून हंसतात. हंसणारांचा विषय पालटला, एवढेंच.

ह्यावरून ताळ्याच्या वहींत आणखी एक प्रश्न घालावा असें मला वाटतें, आणि तो थोडें इंग्रजी येऊं लागल्यावरच घालावा: आज माझ्या इंग्रजीनें कोणाला गप्प बसविलें? ही भाषा आमच्याकडे ज्ञानाची म्हणून जितकी आली तितकीच दरार्‍याची म्हणूनही आली. बँकेंत धोतर नेसलेला म्हातारा शेतकरी कर्जाचा कागद घेऊन उभा असतो, आणि पलीकडचा तरुण, जो त्याच्याच भावकींतला असूं शकेल, त्याला दोन वाक्यें इंग्रजींत ऐकवितो. म्हातारा ‘बरं बरं’ म्हणून निघून जातो. त्या तरुणाच्या वाक्यांत व्याकरणाची चूक एकही नसेल. त्या रात्रीं त्यानें ताळा पाहिला तर सगळीं उत्तरें बरोबर येतील, कारण हा प्रश्न त्याला कोणीं शिकविलेलाच नाहीं. मंडळींत हा प्रश्न काढला म्हणजे लोक आढ्याकडे पाहूं लागतात. उपपदांच्या चुका सांगावयास मात्र सगळे पुढें सरसावतात. वहीच्या शेवटच्या रकान्यांत तो लिहिलेला असावा, आणि तो रकाना बरेच दिवस कोरा राहिला तरी खोडूं नये.