मैत्रिणीनं पाहिलेलं वय

सावकाश बसा. श्वास संथ होऊ द्या. आपल्याला मागं जायचं आहे. एच. जी. वेल्सच्या १८९५ सालच्या कादंबरीतला प्रवासी यंत्रावर बसून एकटाच काळातून हिंडतो. आपल्याकडं यंत्र नाही, आणि एकटीनं भागणारही नाही. जिच्या वेण्या तुम्ही घातल्या, जिनं तुमच्या घातल्या, तिला मनात हाक मारा. ती येईपर्यंत थांबा.

आता तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा. भाद्रपद सरतो आहे. काळ्या रानात कपाशीला बोंडं धरली आहेत, बांधावरचा तरवड पिवळा झाला आहे. पितृ अमावास्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत बतुकम्मा, फुलांचा सण. तरवड, कुरडू, झेंडू यांचे थर रचायचे, मधे ठेवायचे आणि भोवती फेर धरायचा. गाणं तेलुगू, घरी परतल्यावर बोलणं मराठी.

त्या फेरात स्वतःला शोधा. समोरची दिसते, शेजारची दिसते. कुणाच्या टाळीचा ताल चुकतो, तेही दिसतं. आपला चेहरा मात्र कुठंच नाही.

इथं थोडं रेंगाळा.

परकर पायात अडकत होता, हे तुम्हाला आठवेल. हसताना तुम्ही कशा दिसत होता, ते समोरच्या मुलीनं पाहिलं. तुमचं अर्धं तरुणपण तिच्याकडं आहे, तिचं अर्धं तुमच्याकडं.

मग काय काय बदललं, तेही पाहा. १ नोव्हेंबर १९५६ ला किनवट आणि राजुरा आदिलाबादमधून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. घरं जागच्या जागी, जिल्हा दुसरा. २०१६ मध्ये उरलेल्या जिल्ह्याचेही चार झाले. बाईचं तरी काय वेगळं? लग्नात आडनाव जातं. कधी ताटातल्या तांदळावर नवं नाव उमटतं आणि पहिलंही जातं. पुढं काकू, मामी, आजी. माहेरच्या नावानं ‘अगं’ म्हणणारी एखादीच उरते. ती आहे तोवर ते नाव वापरात आहे.

एक मोह होईल. आलोच आहोत, तर त्या मुलीला सावध करावं: शाळा सोडू नकोस, त्या स्थळाला हो म्हणू नकोस. मोह येऊ द्या, जाऊ द्या. तिला तुमचं ऐकू येत नाही. घटकाभर तिच्या शेजारी उभ्या राहा.

आता डोळे उघडा आणि मैत्रिणीला फोन करा. ‘मी तेव्हा कशी होते गं?’ असं विचारा. तिची हकिकत तुमच्या आठवणीशी जुळणार नाही. साल चुकेल, परकराचा रंग वेगळा निघेल. मधे बोलू नका. तिनं उलट विचारलं, तर हातचं राखू नका.

आणि ती आता नसेल, तर तिच्या लेकीला फोन करा. आई होण्याआधी तिची आई कशी होती, हे तिला दुसरं कोण सांगणार?